पहिला आकडा

ताई,

वय २८. बी.एस्सी. फिजिक्स. गाव वाळवा तालुक्यात, राहायला भोसरीत, चौघांत एक खोली. गेली चार वर्षं एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये ऑनसाइटला आहे. म्हणजे औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये जाऊन काटे, पिपेट, ओव्हन, पीएच मीटर तपासायचे. महिन्यातल्या वीस-बावीस रात्री बाहेर जातात. लोटे, तारापूर, वाळूज, वेर्णा. हातात वजनांची अठरा किलोची पेटी, पाठीवर लॅपटॉप. पगार २४ हजार, वर दिवसाला ३५० भत्ता. प्लॅनमध्ये दिवसाला बारा-बारा काटे लिहून येतात.

मागच्या महिन्यात एका कंपनीत चार दशांशांचा, २२० ग्रॅमचा काटा होता. पहिल्या तोलात ५० ग्रॅमला ०.८ मिलीग्रॅम जास्त दाखवलं, १०० ला १.५, २०० ला ३.१. त्यांची मर्यादा एक मिलीग्रॅमची. तिथले क्यूएचे (गुणवत्ता हमी विभागाचे) साहेब म्हणाले, "आधी इंटर्नल कॅल मार, मग रीडिंग घे आणि तेच ॲज फाउंडला टाक. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे." म्हणजे काटा आधी त्याच्या आतल्या वजनानं जुळवून घ्यायचा आणि नंतरचा आकडा 'जसा सापडला तसा' म्हणून लिहायचा. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, साडेसातची गाडी होती. मी टाकलं. शीट नवी लिहिली, जुनी खिशात घातली. ती अजून माझ्याकडेच आहे. सर्टिफिकेट गेलं. तेव्हापासून लॉजवर झोप लागत नाही. परवा तर घाईत २०० ग्रॅमचं वजन उघड्या हातानं उचललं. असं माझ्याकडून कधी होत नाही.

आई म्हणते, तू घरी पाहुण्यासारखा येतोस. दोन स्थळं येऊन गेली. मुलीचे वडील विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" मला धड सांगता येत नाही. कुरकुंभच्या एका कंपनीत क्यूसीत (माल तपासणाऱ्या विभागात) कायमची जागा मिळतेय, २२ हजारांची. घेऊ का? ही लाइन सोडून देऊ का?

— फिरस्ता, भोसरी

फिरस्त्या,

जुनी शीट तू फाडली नाहीस, खिशात ठेवलीस. मी तुझं पत्र तिथपासून परत वाचायला घेतलं. विचारलंयस नोकरीचं, पण मला आधी त्या शीटबद्दल बोलायचं आहे.

तुझे आकडे मी कागदावर मांडून बघितले. ५० ला ०.८, १०० ला १.५, २०० ला ३.१. चूक वजनाबरोबर सरळ वाढत गेली आहे, ग्रॅममागे साधारण पंधरा मायक्रोग्रॅम. म्हणजे काट्याचा स्पॅन, शून्यापासून वरपर्यंतची जुळणी, सरकला होता. काटा जागेवरून हलवला होता का? खोलीचं तापमान बदललं होतं का? इंटर्नल ॲडजस्टमेंट कितीतरी दिवसांत कुणी दाबलीच नव्हती का? हे तू विचारलं नसणार, कारण साडेसातची गाडी. पण आता पुढचं गणित कर. त्या काट्यावर ते लोक काय तोलतात? स्टँडर्ड, सॅम्पल, शंभर-दोनशे मिलीग्रॅमचा माल. १०० मिलीग्रॅमला ही चूक येते दीड मायक्रोग्रॅम. त्या काट्याचा शेवटचा आकडाच १०० मायक्रोग्रॅमचा आहे. खाली पन्नास ग्रॅमचा फ्लास्क ठेवला असला तरी टेअर मारून (भांड्यासकट शून्य करून) फरकच मोजतात, त्यामुळे तिथंही फार काही बिघडत नाही. मोठी वजनं ते त्यावर तोलत नसतील, तर त्यांच्या चौकशीत "निकालांवर परिणाम नाही" एवढंच निघण्याची शक्यता मला मोठी दिसते.

म्हणजे ज्या आकड्यासाठी तुझी झोप गेली, तो खरा लिहिला असतास तर बहुधा दोन पानांच्या कागदावर भागलं असतं.

"मग सोडून देऊ का?" असं मात्र विचारू नकोस. परिणाम नाही हे ठरवण्याचा हक्क ना तुझा ना माझा. ते त्या कंपनीनं, आपल्या नोंदी काढून, मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या काट्यावर काय काय तोललं गेलं ते बघून, सही करून ठरवायचं असतं. तू त्यांना ते बघायची वेळच येऊ दिली नाहीस. ॲज फाउंडचा रकाना असतोच त्यासाठी. ॲज लेफ्ट, म्हणजे जुळवल्यानंतरचा आकडा, उद्याच्या तोलासाठी असतं. ॲज फाउंड गेल्या वर्षभराच्या तोलासाठी, बाजारात जाऊन लोकांच्या पोटात गेलेल्या गोळ्यांसाठी.

आता त्या क्यूएच्या साहेबांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या खुर्चीत मी एकवीस वर्षं बसले आहे. तुझ्यासारखे तंत्रज्ञ गेटवर येऊन इनवर्डची चिठ्ठी भरत उभे राहायचे, आणि त्यांच्या कामावर सही करणारी मी. म्हणून ही बाजू तुला सांगते, कारण ती तुझ्या लॅबमध्ये कुणी सांगणार नाही.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीचे एक काका आमचे काटे करायला यायचे. सुती हातमोजे घरी धुऊन, इस्त्री करून आणायचे. डबाही घरचाच. त्या दिवशी क्यूसीतल्या एका काट्याची रिपीटेबिलिटी लागेना. तेच वजन, दहा वेळा ठेवलं, दहा वेळा वेगळं. मी खाली गेले. आमच्याकडेही पंधरवड्यानं ऑडिट होतं. मी म्हटलं, "काका, एकदा झीरो करून परत घ्या ना." ते म्हणाले, "घेतो की. पण पहिलं लिहून झालंय मॅडम. पेनानं." आणि त्यांनी खरंच परत घेतलं, दुसऱ्या रकान्यात. पहिल्यावर रेघसुद्धा मारली नाही. मला इतका राग आला की त्यांच्या गेट पासवर मी दीड तास सही केली नाही. कारण काही नव्हतं, फक्त करता येत होतं म्हणून. काका कँटीनमध्ये बसून राहिले. शेवटची एसटी चुकली असणार त्यांची. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नाइलाजानं डेव्हिएशन, म्हणजे काहीतरी बिघडल्याची लेखी चौकशी, उघडलं. खोलीत जाऊन बघते तर एसीच्या डक्टची जाळी कुणीतरी फिरवलेली, वारा थेट काट्यावर. दहा मिनिटांचं काम. पण पुढचं दहा मिनिटांत मिटणारं नव्हतं. त्या काट्याची रोजच्या तपासणीची वही मी उघडली, तर एकोणीस दिवस ओळीनं १००.०००१. वाऱ्यात असलेला काटा एकोणीस दिवस चौथ्या दशांशापर्यंत एकच आकडा दाखवत नाही. वजन काढून ठेवण्याचा कंटाळा करून पोरं आकडा उतरवत होती. आणि त्या वहीच्या पानापानावर खाली आठवड्याची सही होती. माझी.

ऑडिटर आले, त्यांनी ती फाइल उघडलीसुद्धा नाही. त्या काकांची मी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा आला.

तेव्हा तुझ्या साहेबांना मी खलनायक ठरवत नाही. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात ओओटी (उपकरण मर्यादेबाहेर गेल्याची नोंद) उघडायचा म्हणजे चौकशी, कापा (पुन्हा होऊ नये म्हणून करायचे उपाय), प्लांट हेडची सही, "आत्ताच कसं सापडलं?" हा प्रश्न. तो सगळा ताण त्यांनी तुझ्या पेनावर ढकलला. त्यांना ते जमलं, कारण तू एकटा होतास, पाहुणा होतास, तुझी गाडी होती, आणि सर्व्हिस रिपोर्टवर त्यांची सही मिळाल्याशिवाय तुझा दिवस संपत नव्हता. तुमच्या लाइनमध्ये भत्त्याबद्दल, लॉजबद्दल सगळे बोलतात. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या माणसांमध्ये, संध्याकाळी साडेसहाला "नाही" म्हणावं लागतं, आणि ते कसं म्हणायचं हे चार वर्षांत तुला कुणी शिकवलेलं नसतं, याबद्दल कुणी बोलत नाही.

पुढच्या वेळेसाठी एक साधं वाक्य घे. "सर, पहिलं रीडिंग मी लिहिलंय. ॲडजस्ट करून दुसरं घेतो, दोन्ही सर्टिफिकेटवर येतील, आमच्या स्टँडर्डमध्ये तसंच आहे." ही थाप नाही. लॅबसाठीचं जागतिक स्टँडर्ड आयएसओ/आयईसी १७०२५, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे: ॲडजस्टमेंट किंवा दुरुस्ती केली तर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही निकाल उपलब्ध असतील तर सर्टिफिकेटवर द्यायचे. नोंद बदलली तर मूळ आकडाही जपायचा, हेही त्यातच आहे. तुझ्या लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असेल तर ही वाक्यं तुमच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये कुठंतरी असणारच. शोध आणि मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो ठेव. स्वतःच्या तोंडानं "नाही" म्हणायला जड जातं, पुस्तकाच्या तोंडून म्हणायला तितकं जात नाही.

आता झालेलं. तुझ्या टेक्निकल मॅनेजरला या आठवड्यात भेट. फोनवर नको, प्रत्यक्ष, आणि भेटीच्या आधी मेल टाकलेला असू दे. मेलमध्ये चार ओळी पुरेत. अमुक तारखेला अमुक नंबरच्या काट्याचं मूळ पहिलं रीडिंग मी सर्टिफिकेटसाठी दिलं नाही. ॲज फाउंड म्हणून दिलेले आकडे ॲडजस्टमेंटनंतरचे आहेत. मूळ शीट सोबत जोडली आहे. सर्टिफिकेट दुरुस्त करावं लागेल, असं मला वाटतं. एवढंच. साहेबांनी सांगितलं म्हणून, गाडी होती म्हणून, हे पहिल्या मेलमध्ये घालू नकोस. विचारतील तेव्हा सगळं सांग, नावासकट. पण कबुलीत कारण मिसळलं की वाचणारा कारणच वाचतो.

नियमाप्रमाणे पुढं काय होतं तेही माहीत असू दे. तुझी लॅब हे चुकीचं काम म्हणून नोंदवेल, त्या कंपनीला कळवेल, आधीच्याचा नंबर देऊन सुधारित सर्टिफिकेट काढेल. कंपनी तिची चौकशी उघडेल. तुला काही आठवडे ऑनसाइटवरून काढून परत ट्रेनिंगला बसवतील. तुझी त्या दिवसाची बाकीची कामंही कुणीतरी तपासेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू स्वतः कंपनीला थेट फोन करू नकोस, तो तुझ्या लॅबनं करायचा आहे.

आणि नोकरी जाऊ शकते. जाणार नाही असा शब्द मी कुठल्या तोंडानं देऊ? गिऱ्हाईक हातचं गेलं तर मालक चिडेल. पण मला आतापर्यंत जी माणसं दिसली, त्यात स्वतःहून येऊन सांगणाऱ्याला काढल्याची उदाहरणं कमी, आणि दोन वर्षांनी सापडलेल्याला ठेवल्याचं एकही नाही.

टेक्निकल मॅनेजर म्हणाला, "सोड रे, गेलं ते," तर? तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं. ती लॅब सोड. ही लाइन सोडू नकोस, ती लॅब सोड. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आणि तिकडे ठाणे-मुंबईत मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅब भरपूर आहेत, आणि चार वर्षं ऑनसाइट केलेला माणूस त्यांना हवा असतो. एनएबीएलकडे तक्रार करायचीही वाट आहे. त्या वाटेला जा असं मी तुला आज सांगत नाही, ते तुझं तू ठरव.

कुरकुंभचं बोलू. २२ हजार, कायम, घरी यायला रविवार मोकळा. वाईट नाही. पण तू तिथं कशापासून पळून चालला आहेस ते बघ. रात्रीच्या प्रवासापासून पळत असशील तर ठीक, क्यूसीत शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, पण निदान उशी आपली असते. त्या साहेबांपासून पळत असशील तर ते तिथंही आहेत. उलट इथं तू संध्याकाळी पेटी उचलून निघू शकत होतास. तिथं तेच साहेब तुझं वर्षाचं अप्रेझल लिहितील. रोजची वही भरायला तुझ्याच हातात येईल. तिथं एकोणीस दिवस १००.०००१ लिहिण्याचा मोह कसा असतो हे मी तुला सांगितलंच.

माझं मत विचारशील तर आत्ता जाऊ नकोस. वर्षभर थांब, पण आहे तसं राहून नाही.

पहिली गोष्ट बारा काट्यांची. हा आकडा कुणी काढला? ॲनालिटिकल काटा नीट करायचा म्हणजे तो तापायला हवा, तुझी वजनं पेटीतून काढून त्या खोलीत रुळायला हवीत (मे महिन्यात बोईसरच्या रिक्षातून आलेली पेटी आणि बावीस अंशांची बॅलन्स रूम!), मग रिपीटेबिलिटीचे दहा, कोपऱ्यांचे पाच, मग चढत्या वजनांचे. घाई न करता तासाच्या आत होत नाही. बारा काटे म्हणजे बारा तास, त्यात गेटवरचा पाऊण तास आणि गाउनिंग (आत जायचे कपडे चढवणं) वेगळं. पिपेटचंही तसंच: आयएसओ ८६५५ प्रमाणे तीन आकारमानं, प्रत्येकी दहा तोल, म्हणजे आकारमान बदलता येणाऱ्या एका पिपेटला तीस. प्लॅनमध्ये "पिपेट १५" असं लिहिणाऱ्यानं ४५० तोलांचा गुणाकार केलेला नसतो. तो तू कर. पुढचे दोन आठवडे प्रत्येक उपकरणाला लागलेला खरा वेळ घड्याळ लावून लिही आणि तो कागद प्लॅनिंगवाल्यापुढं ठेव. कुरकुर म्हणून ठेवू नकोस, डेटा म्हणून ठेव. तुमच्या धंद्यात डेटाचा मान ठेवायची निदान सवय तरी आहे.

मला तरी वाटतं, खोटा आकडा साडेसहाला लिहिला गेला नव्हता. सकाळी प्लॅनवर "१२" लिहिलं तेव्हाच त्याची निम्मी तयारी झाली होती.

दुसरं, तुझा पॅरामीटर, म्हणजे तू काय मोजतोस ते, बदलून घे. हे मला कुणी पंचविशीत सांगायला हवं होतं असं मी कितीतरी तंत्रज्ञांच्या तोंडून ऐकलं आहे. काटे आणि पिपेट करणारा माणूस कायम पळत असतो, कारण दर तासाला एक उपकरण संपतं. थर्मलचं, म्हणजे तापमानाचं, काम तसं नसतं. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं मॅपिंग (आत कुठं किती तापमान आहे ते बघणं), औषध किती टिकतं ते बघायचा ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा स्टॅबिलिटी चेंबर, गोदामाचं तापमान: सेन्सर लावायचे, लॉगर सुरू करायचा, चोवीस तास किंवा जास्त वाट बघायची. एकाच गावात तीन-तीन रात्री राहता येतं. सकाळी चालायला जाता येतं. वेर्ण्याला गेल्यावर गोवा दिसतो, बसच्या काचेतून नव्हे. पैसेही त्यात बरे मिळतात. तुझं फिजिक्स आहे, थर्मोकपल आणि पीटी-१०० हे तापमानाचे सेन्सर तुला नव्यानं शिकवावे लागणार नाहीत.

तिसरं, अनसर्टन्टी, म्हणजे मापातली अनिश्चितता. तुझ्या सर्टिफिकेटवर जो अधिक-उणे छापून येतो तो कोण काढतं? ऑफिसातलं एक्सेल, बरोबर? ते एक्सेल उघड. प्रत्येक ओळ कुठून आली ते विचार: मास्टर वजनाची, काट्याच्या शेवटच्या आकड्याची, रिपीटेबिलिटीची, हवेच्या उचलीची. ज्या दिवशी तुला ते कोऱ्या कागदावर मांडता येईल, त्या दिवशी तू पेटी वाहणारा राहणार नाहीस, सही करणारा होण्याच्या रांगेत लागशील. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी आहे, केंद्र सरकारची संस्था, तिथं कॅलिब्रेशनचं प्रशिक्षण मिळतं. लॅबला पैसे भरायला सांग. नाही म्हणाले तर भत्त्यातून साठव.

रात्रींबद्दल मला उपदेश करता येणार नाही, मी कधी बावीस रात्री लॉजवर काढल्या नाहीत. तुमच्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं तेवढं पुढं देते. दिवस मोजू नका, रात्री मोजा, आणि महिन्याच्या सुरुवातीला मॅनेजरकडून तेवढाच आकडा ठरवून घ्या. कोकणचं काम एका फेरीत मागा. लोटे करून कुंभार्ली घाटानं परत आणि चार दिवसांनी पुन्हा महाड, असा प्लॅन ज्यानं केला त्यानं तो घाट रात्री पाहिलेला नसतो. जेवण साडेआठच्या आत. आणि पेटी बसच्या डिकीत द्यायची नाही, हे तुला सांगायला नको. कोकणात लॅबनं वजनांचा एक जादा सेट ठेवावा, अठरा किलो वाचतील, ही मागणीही करून बघ. पाठ एकच आहे.

आईचं मात्र खरं आहे. त्याला मी युक्ती सुचवणार नाही. घरी गेल्यावर लॅपटॉपवर सर्टिफिकेटं भरत बसत असशील, तर ते बंद कर.

राहिले मुलीचे वडील. तू काय सांगितलंस कोण जाणे, "काटे तपासतो" असं काहीतरी. मग त्यांना बाजारातल्या तराजूवर शिक्का मारणारे सरकारी इन्स्पेक्टर आठवणार. ते वैधमापनवाले, २००९ च्या कायद्याखाली काम करणारे, त्यांचं खातं वेगळं. पुढच्या वेळी असं सांगून बघ. "काका, मुंबईत बरोबर लावलेला काटा तसाच उचलून पुण्याला आणला, तर शंभर ग्रॅमला दहा मिलीग्रॅमहूनही अधिक फरकानं कमी दाखवतो. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथं पृथ्वीची ओढ जराशी कमी. म्हणून काटा लॅबला पाठवून चालत नाही, तो जिथं वापरतात तिथं जाऊनच बघावा लागतो. माझ्या पेटीतली वजनं कुठल्याही गावात तेवढीच असतात. त्यांचा धागा टप्प्याटप्प्यानं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जातो, तिथं आपल्या देशाचा किलो आहे, ५७ नंबरचा. तुम्ही बीपीची गोळी घेता ना? ती पाचची आहे की सहाची, हे ज्या काट्यावर ठरतं तो मी बघतो." गोळी घेत नसतील असे सासरे मला तरी माहीत नाहीत.

आणि बावीस रात्री बाहेर असतो हे मुलीला तू स्वतः सांग, वडिलांमार्फत नको. अठरावर आणायचा प्रयत्न चालू आहे, हेही सांग. चेंबर मॅपिंगचं वगैरे तिला समजलं नाही तरी चालेल. काही जणींना नवरा महिन्यातले आठ दिवस घरी असणं हा दोष वाटत नाही, पण ते पत्रिका बघून कळत नाही.

शेवटी ते २०० ग्रॅमचं वजन. उघड्या हातानं उचललंस असं जाता जाता लिहिलंयस, आणि तू सगळं कबूल केलंस त्यात हेच सगळ्यात पटकन उरकलंस. ई-२ या अचूकतेच्या वर्गाचं असेल तर त्याला एकूण सूट ०.३ मिलीग्रॅमची. बोटाच्या ठशाचं वजन थोडंच, पण घामातलं मीठ आणि तेल तिथंच बसून राहतं, आणि तू ते वजन त्यानंतर किती काट्यांवर ठेवलंस? स्पिरिटनं स्वतः पुसू नकोस. टेक्निकल मॅनेजरला मेल करशील, त्यातच खाली पाचवी ओळ घाल: वजनाचा नंबर, तारीख, आणि त्यानंतर केलेल्या कामांची यादी.